आईचं बीपी, शुगर, वार आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट : नागपुरात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी नागपुरात सोनोग्राफी करते. दिवसातला बहुतेक वेळ गरोदर बायांच्या पोटावर प्रोब फिरवण्यात जातो. उमरेड, काटोल, भंडारा, पार गडचिरोलीपासून बाया येतात. टेबलवर आडवं झालं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, बाळ बरोबर हाय नं?" पण बीपीच्या गोळ्या सुरू आहेत, मागच्या खेपेला सातव्या महिन्यात बाळ गेलं होतं, घरात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे, हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. ते सगळं गायनॅकला सांगायचं, इथं नुसता फोटो निघतो, अशी समजूत आहे. या समजुतीनं नुकसान होताना मी पाहिलं आहे, म्हणून हे लिहायला बसले.

सोनोग्राफी बाळाची आहे. मग माझं बीपी, शुगर, जुनी बाळंतपणं कशाला विचारता?

कारण मशीन फक्त मापं देतं. त्या मापांचा अर्थ तुमच्या तब्येतीवरून लागतो.

समजा, ३२ आठवड्यांच्या बाळाचं वजन १ किलो ६०० ग्रॅम आलं. एक बाई अंगानं लहानखुरी आहे, बीपी नॉर्मल, पहिलं बाळही दिवस भरून अडीच किलोच्या आतलं झालं होतं आणि आता ठणठणीत शाळेत जातं. २८ आठवड्यांना हे बाळ वाढीच्या तक्त्यात ज्या रेषेवर होतं, त्याच रेषेवर आजही आहे. तिला मी दोन-तीन आठवड्यांनी परत बोलावीन. दुसऱ्या बाईचं बीपी १५०/१०० आहे, पायावर-चेहऱ्यावर सूज आहे आणि महिन्यापूर्वी तिचं बाळ तक्त्याच्या मध्यावर होतं, ते आता घसरून खालच्या टोकाला आलंय. आकडा तोच, १ किलो ६०० ग्रॅम. पण हिचा डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाहाची तपासणी, त्याच दिवशी व्हायला हवा आणि तिच्या गायनॅकला मी त्याच वेळी फोन करते.

पहिली बाई "सगळं ठीक आहे" म्हणाली आणि दुसरीही "सगळं ठीक आहे" म्हणाली, तर माझ्यापुढे दोघी सारख्याच असतात. म्हणून विचारते.

वार म्हणजे नेमकं काय? ती "खराब होते" म्हणजे काय होतं?

वार म्हणजे प्लॅसेंटा. गर्भपिशवीच्या भिंतीला चिकटलेला हा अवयव दिवस भरेपर्यंत साधारण अर्ध्या किलोचा होतो. एका बाजूनं आईचं रक्त येतं, दुसऱ्या बाजूनं नाळेतून बाळाचं. दोन्ही रक्तं एरवी एकमेकांत मिसळत नाहीत. मधल्या पातळ पडद्यातून प्राणवायू आणि अन्न बाळाकडे जातं आणि टाकाऊ ते आईकडे परत येतं.

गरोदरपणाच्या पहिल्या निम्म्या काळात वारेच्या पेशी पिशवीच्या भिंतीतल्या नागमोडी रक्तवाहिन्यांत शिरतात आणि त्यांना आतून रुंद, सैल करतात. शेतकरी घरातल्या बायांना मी पाटाचं उदाहरण देते. पाटाचं तोंड रुंद केलं तर पाणी संथ पसरतं आणि वाफा भिजतो. तोंड अरुंदच राहिलं तर पाणी पिचकारीसारखं जोरात येतं, वाफा उकरून टाकतं, पण पिकाच्या मुळाशी मुरत नाही. वारेचंही असंच होतं. वाहिन्या अरुंद राहिल्या की रक्ताचा झोत तिच्या नाजूक भागाला इजा करतो, जागोजागी गुठळ्या होतात आणि बाळाला मिळणारा पुरवठा कमी पडत जातो. याच बिघाडातून पुढे कोणाचं बीपी वाढतं, कोणाच्या बाळाची वाढ खुंटते, कोणाला दोन्ही होतं.

मग बाळ काटकसर करतं. मिळेल ते रक्त आधी मेंदूकडे आणि हृदयाकडे वळवतं. यकृतातला साठा संपतो, म्हणून पोटाचा घेर आधी मागे पडतो आणि डोकं बराच काळ बरोबर राहतं. किडनीकडे रक्त कमी गेलं की लघवी कमी होते आणि बाळाभोवतीचं पाणी उतरतं. हाच क्रम मी पडद्यावर शोधत असते. पोटाचं माप घेताना मी दोन-तीनदा पुसून परत का घेते, असं बायांना वाटतं. त्या मापात थोडी चूक झाली तरी वजनाचा अंदाज बिघडतो, म्हणून.

डॉपलर म्हणजे वेगळी सोनोग्राफी का? त्यात काय कळतं?

मशीन तेच, प्रोबही बहुधा तोच. फक्त रक्त कोणत्या दिशेनं, किती वेगानं आणि किती अडथळ्यातून वाहतंय हे डॉपलरमध्ये दिसतं. खोलीत जो "फुश-फुश" आवाज घुमतो तो त्याचाच.

मी मुख्यतः चार ठिकाणी पाहते. आईच्या गर्भपिशवीकडे जाणाऱ्या वाहिन्या पुढच्या धोक्याचा अंदाज देतात, त्यामुळे ११ ते १४ आठवड्यांच्या एनटी स्कॅनमध्येच (बाळाच्या मानेमागचा पाण्याचा थर मोजतात ती सोनोग्राफी) त्या बघून ठेवलेल्या बऱ्या. नाळेतली धमनी वारेची अवस्था सांगते. बाळाच्या मेंदूतली वाहिनी बाळाची काटकसर सुरू झाली का ते सांगते. आणि बाळाच्या यकृतातून हृदयाकडे जाणारी एक छोटी शीर हृदय थकत चाललंय का ते सांगते.

नाळेतल्या धमनीचा आलेख डोंगररांगेसारखा दिसतो. बाळाच्या हृदयाचा ठोका पडला की टोक वर जातं, आणि दोन ठोक्यांच्या मधल्या दरीतही रक्त पुढे सरकत असतं. निरोगी वारेत ती दरी भरलेली असते. वार बिघडत गेली की दरी रिकामी होते, म्हणजे दोन ठोक्यांच्या मध्ये रक्त थांबतं. त्याही पुढे गेलं की आलेख रेषेच्या खाली उतरतो, म्हणजे रक्त मागे फिरतं. रिपोर्टमध्ये "एंड डायस्टोलिक फ्लो ॲबसेंट" किंवा "रिव्हर्स्ड" असे शब्द असतील तर तो कागद घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. सोमवारपर्यंत थांबायचं नाही.

एक बारीक गोष्ट अनेक नातेवाइकांना चकवते. दिवस भरण्याआधी बाळंतपण करावं लागेल असं दिसलं की बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. त्यानंतर एक-दोन दिवस नाळेतला डॉपलर सुधारलेला दिसू शकतो. घरचे म्हणतात, "मॅडम, सुधारून राहिलं, आता घरी नेतो." ती सुधारणा तात्पुरती असते. वार तीच आहे.

डॉपलर बाळाला बाधतो का, असंही विचारतात. सोनोग्राफीत एक्स-रेसारखे किरण नसतात. सुरुवातीच्या आठवड्यांत डॉपलरचा वापर गरजेपुरता आणि थोडा वेळच करायचा, हा आमचा नियम आहे.

मला बीपी आहे. बाळाची सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे धोका टळला का?

नाही. हे उत्तर मला ठळक अक्षरात लिहावंसं वाटतं.

२० आठवड्यांनंतर बीपी १४०/९० किंवा त्याहून वर गेलं आणि त्याबरोबर लघवीत प्रथिनं आली किंवा प्लेटलेट, लिव्हरच्या तपासण्या बिघडल्या, की त्याला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. ३४ आठवड्यांच्या आत सुरू झालेल्या आजारात वार बहुतेकदा बिघडलेली असते आणि ते सोनोग्राफीत दिसतं. पण आठव्या-नवव्या महिन्यात सुरू झालेल्या आजारात बाळाचं वजन, पाणी, डॉपलर सगळं छान असू शकतं आणि त्याच रात्री आईला झटके येऊ शकतात. माझा रिपोर्ट बाळाबद्दल बोलतो. आईच्या मेंदूवर, लिव्हरवर काय दाब येतोय ते त्यात नसतं. डोकं सतत दुखणं, डोळ्यांपुढे चमकणं किंवा धूसर दिसणं, छातीखाली उजव्या बाजूला दुखणं, एकाएकी सूज वाढणं, यातलं काहीही झालं तर "परवाच सोनोग्राफी नॉर्मल आली" हे कारण सांगत घरी बसू नका.

किती वेळा सोनोग्राफी, ते बीपी किती आणि बाळ कसं यावर ठरतं. वाढ पाहायला दोन सोनोग्राफींत किमान दोन आठवडे जाऊ द्यावे लागतात. त्याआधी केलं तर मापातली चूकच वाढीसारखी किंवा घटीसारखी दिसते. डॉपलर आणि पाणी मात्र गरज पडली तर आठवड्यातून दोनदा, कधी रोजही बघतात.

धोका आधी ओळखता येतो. एनटी स्कॅनच्या वेळी आईचं बीपी, गर्भपिशवीच्या वाहिन्यांचा डॉपलर आणि रक्ताच्या तपासण्या एकत्र मांडून हिशेब होतो. धोका जास्त निघाला तर डॉक्टर १६ आठवड्यांच्या आत रात्री घ्यायची कमी मात्रेची ॲस्पिरिन सुरू करतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, अशा निवडक बायांना रोज १५० मिलिग्रॅम दिल्यावर ३७ आठवड्यांच्या आतला प्रीएक्लॅम्पसिया ६२ टक्क्यांनी कमी झाला. पाचव्या महिन्यानंतर सुरू केली तर तेवढा उपयोग होत नाही. म्हणून एनटी स्कॅन "नंतर करू" म्हणून टाळू नका. गोळी मात्र स्वतःच्या मनानं घ्यायची नाही.

माझी शुगर वाढली आहे. बाळ मोठं दिसतंय, ते चांगलंच ना?

सासूबाईंना आनंद होतो, मला काळजी वाटते. आईची जादा साखर वारेतून बाळाकडे जाते, बाळ स्वतःचं इन्सुलिन वाढवतं आणि पोटावर, खांद्यांवर चरबी साठते. सोनोग्राफीत डोकं तारखेप्रमाणे आणि पोटाचा घेर दोन-तीन आठवडे पुढे असं चित्र दिसतं. पाणीही वाढतं. बाळंतपणात खांदे अडकायची भीती असते आणि जन्मल्यावर बाळाची शुगर एकदम खाली येऊ शकते.

गरोदरपणाआधीपासून डायबेटिस असेल तर गोष्ट वेगळी. बाळाचं हृदय, पाठीचा कणा पहिल्या काही आठवड्यांतच घडतात. त्या वेळी शुगर जास्त असेल तर व्यंगाचा धोका वाढतो. अशा बाईला १८ ते २२ आठवड्यांच्या ॲनोमली स्कॅनबरोबर (बाळात व्यंग आहे का बघायची सोनोग्राफी) बाळाच्या हृदयाचा टूडी इकोही करायला हवा. "मला आधीपासून शुगर आहे" हे एक वाक्य तुम्ही सांगितलं की मी हृदयाकडे जास्त वेळ देते.

आणखी एक. वार कमी पडतेय का हे नाळेच्या डॉपलरवरून जसं कळतं, तसं डायबेटिसमध्ये नेहमी कळत नाही. डॉपलर चांगला असूनही बाळ अडचणीत येऊ शकतं. म्हणून शुगरचे आकडे आणि बाळाची हालचाल, दोन्हींकडे लक्ष हवं.

मोठ्या बाळाच्या वजनाचा अंदाज १०-१५ टक्क्यांनी चुकू शकतो. रिपोर्टमध्ये ३ किलो ६०० असेल तर खरं वजन ३ किलो १०० ते ४ किलो १०० यांच्यामध्ये कुठंही असू शकतं. नुसत्या त्या आकड्यावर सिझर ठरवू नये.

माझ्या घरात सिकलसेल आहे. त्याचा सोनोग्राफीशी काय संबंध?

विदर्भात हा प्रश्न प्रत्येकीनं स्वतःहून विचारायला हवा. आपल्या भागात सिकलसेल खूप आहे आणि लग्नात पत्रिका जुळवणारी घरंही ही तपासणी करत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

आधी एक फरक समजून घ्या. वाहक म्हणजे रिपोर्टमध्ये "एएस". अशा बाईचं गरोदरपण बहुधा इतरांसारखंच जातं. पण नवराही वाहक असेल तर प्रत्येक खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. हे सोनोग्राफीत दिसत नाही. बाळाला आजार आहे का हे बघायचं असेल तर ११ ते १४ आठवड्यांत वारेचा कणभर तुकडा किंवा १५-१६ आठवड्यांनंतर बाळाभोवतीचं पाणी तपासायला घ्यावं लागतं. सुई कुठं जाते हे बघायला तेवढी सोनोग्राफी लागते. म्हणून नवऱ्याची तपासणी पहिल्या तीन महिन्यांतच उरका.

आजार म्हणजे "एसएस". यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक वाहिन्यांत अडकतात. वार म्हणजे बारीक वाहिन्यांचंच जाळं. तिथं अडकल्या की वारेचे तुकडे निकामी होत जातात, बाळाची वाढ मंदावते, बीपी वाढण्याचा धोकाही जास्त. अशा बाईला २४ आठवड्यांपासून दर चार आठवड्यांनी वाढ बघावी लागते, गरज पडली तर त्याहून लवकर. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर "सिकल एसएस" लिहिलेलं नसेल तर मी हे बाळ साध्या बाळासारखं मोजते आणि दीड-दोन महिन्यांनी बोलावते. तेवढ्या काळात बरंच काही बिघडू शकतं.

सिकलसेलच्या निर्मूलनासाठी केंद्र सरकारनं १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय अभियान सुरू केलं. आरोग्य केंद्रात तपासणी होते. कार्ड मिळालं असेल तर ते फाइलमध्ये पुढेच लावा.

हिमोग्लोबिन ८ आहे. बाळालाही रक्त कमी आहे का, हे सोनोग्राफीत दिसेल?

आईला लोहाच्या कमतरतेनं रक्त कमी असलं तरी बाळ वारेतून लोह ओढून घेतं, त्यामुळे बाळाला सहसा गंभीर रक्तक्षय होत नाही. फार कमी हिमोग्लोबिनमध्ये वाढ मात्र मागे पडू शकते.

बाळाचं रक्त कमी होतं ते प्रामुख्यानं आईचा रक्तगट निगेटिव्ह, बाळाचा पॉझिटिव्ह आणि आईच्या शरीरात त्याविरुद्ध अँटीबॉडी तयार झाल्या तर. तिथं डॉपलर कामाला येतो. मेंदूतल्या वाहिनीत रक्ताचा वेग त्या आठवड्याच्या सरासरीच्या दीडपट झाला की बाळाला रक्तक्षय झाल्याचा संशय घेतात. रक्तगट निगेटिव्ह असेल तर २८ आठवड्यांचं आणि बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आतलं अँटी-डी इंजेक्शन चुकवू नका.

पाचव्या महिन्यात "वार खाली आहे" लिहिलंय. आता पलंगावरून उतरायचं नाही का?

हा कागद हातात पडला की घरात रडारड सुरू होते. थांबा. २० आठवड्यांना वार पिशवीच्या तोंडापासून २० मिलिमीटरच्या आत असेल तर तिला खाली असलेली म्हणतात. पुढे पिशवीचा खालचा भाग ताणला जातो आणि वार तोंडापासून लांब जाते. दहातल्या नऊ जणींमध्ये ती सुरक्षित अंतरावर जाते. ३२ आठवड्यांना परत बघायचं, गरज असेल तर ३६ ला. तोवर अंगावरून रक्त गेलं तर लगेच दवाखाना गाठायचा, संबंध टाळावे का ते डॉक्टरांना विचारायचं. घरातलं हलकं काम थांबवायची बहुतेकींना गरज नसते.

नेमकं अंतर पोटावरून कळत नाही, खालून (योनीमार्गातून) करायची सोनोग्राफी लागते. "त्यानं रक्त जाईल" या भीतीनं अनेक जणी नाही म्हणतात. प्रोब पिशवीच्या तोंडाच्या अलीकडेच थांबतो आणि वार खाली असतानाही ही तपासणी सुरक्षित आहे. खोलीत बाईमाणूस सोबत ठेवा म्हणा, तो तुमचा हक्क आहे.

आधीचं सिझर झालेलं असेल तर मात्र मी वेगळ्या नजरेनं बघते. खाली असलेली वार जुन्या टाक्यांवर बसली तर ती पिशवीच्या मांसात रुतू शकते आणि बाळंतपणात सुटत नाही. २००६ मध्ये आलेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात, वार पूर्ण खाली असणाऱ्यांपैकी आधी एक सिझर झालेल्या शंभरातल्या ११, दोन झालेल्या ४० आणि तीन झालेल्या ६१ जणींमध्ये असं आढळलं. वारेत जाळीसारख्या रक्ताच्या पोकळ्या, वार आणि मांसामधली काळी रेघ नाहीशी होणं, लघवीच्या पिशवीच्या भिंतीत वाहिन्या घुसणं, या खुणा शोधाव्या लागतात. त्यासाठी लघवीची पिशवी थोडी भरलेली हवी, म्हणून मी "पाणी पिऊन थांबा" म्हणते. आणि तुमचं आधीचं सिझर मला माहीत हवं. पोटावरचा टाका मला दिसतो, पण तो कितव्यांदा उघडला ते दिसत नाही.

अशी वार आढळली तर बाळंतपण रक्तपेढी, भूलतज्ज्ञ आणि सर्जन एका छताखाली असतील तिथंच ठरवा. घराजवळचं छोटं नर्सिंग होम त्या दिवशी पुरत नाही.

रक्त गेलं, पोट कडक झालं, पण सोनोग्राफीत काही दिसलं नाही. घरी जाऊ?

नका जाऊ. वार वेळेआधी पिशवीपासून सुटली तर मागे रक्त साठतं. ते ताजं असताना वारेसारखंच करडं दिसतं, किंवा साठण्याऐवजी बाहेर वाहून जातं. निम्म्याहून जास्त वेळा सोनोग्राफीत ते सापडत नाही. निदान बाईकडे बघून, पोटाला हात लावून आणि बाळाच्या ठोक्यांवरून होतं. दुखणारं, लाकडासारखं कडक पोट घेऊन आलेल्या बाईला नॉर्मल रिपोर्टच्या भरवशावर कोणी परत पाठवत असेल तर नातेवाइकांनी ठामपणे थांबायला हवं.

रिपोर्टमध्ये "प्लॅसेंटा ग्रेड ३" आहे. वार म्हातारी झाली का?

नवव्या महिन्यात वारेवर चुन्याचे पांढरे ठिपके येतातच. वाढ, पाणी, डॉपलर चांगलं असेल तर त्यावरून काही करायचं नसतं. ३२ आठवड्यांच्या आत, विशेषतः बीपी असलेल्या किंवा तंबाखू खाणाऱ्या बाईत दिसलं तर वाढीवर लक्ष ठेवायचं.

पाणी कमी सांगितलंय. नागपूरच्या उन्हाळ्यामुळे असेल का?

मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात बसनं दोन तास प्रवास करून आलेल्या बाईचं पाणी थोडं कमी मोजलं जाऊ शकतं. आईनं पुरेसं पाणी प्यायल्यावर ते वाढतं, हे अभ्यासांतही दिसलंय. नवतप्यात मी अशा बाईला आधी सावलीत बसवते, पाणी-ताक देते आणि सीमेवरचा आकडा असेल तर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी परत बघते.

पण सगळं उन्हावर ढकलू नका. सगळ्यांत मोठा कप्पा २ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, बाळ लहान असेल किंवा बीपी असेल तर ते वारेचं लक्षण समजायचं. खालून पाणी गळतंय का, अंतर्वस्त्र ओलं होतंय का, हेही लाज न बाळगता सांगा.

पहिली सोनोग्राफी केली नाही, आठव्या महिन्यात आले. काय बिघडलं?

गेल्या काही वर्षांत माझी सगळ्यांत जास्त दमछाक याच प्रश्नानं केली आहे.

भिवापूरकडची एक बाई एप्रिलच्या मध्यात आली. प्लास्टिकच्या पिशवीत आशाताईनं दिलेलं कार्ड, दोन चुरगळलेल्या चिठ्ठ्या, बस. आधीची एकही सोनोग्राफी नाही. पाळीची तारीख विचारली तर म्हणाली, "तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आली होती, पोराचा नंदी सजवून राहिली होती, म्हणून ध्यानात हाय." भिंतीवरच्या कॅलेंडरवरून हिशेब केला, साधारण ३२ आठवडे. बाळ मोजलं तर २९ आठवड्यांचं. आता दोनच शक्यता. एक तर गर्भ तीन आठवडे उशिरा राहिला आणि बाळ ठीक आहे, किंवा तारीख बरोबर आहे आणि बाळ उपाशी आहे. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात.

मी विचारलं, लघवीची तपासणी कधी केली? तिला आठवेना. नवऱ्यानं आशाताईला फोन लावला. ताईंनी वही काढली. तपासणी कोजागिरीच्या दोन दिवस आधी, पॉझिटिव्ह. तान्हा पोळा ते कोजागिरी जवळपास सहा आठवडे. गर्भ तीन आठवडे उशिरा राहिला असता तर त्या दिवशी तपासणी पॉझिटिव्ह येणं शक्यच नव्हतं. म्हणजे तारीख बरोबर होती आणि बाळ खरंच लहान होतं. बीपी मोजलं, १४८/९६. नाळेच्या डॉपलरमध्ये दरी रिकामी होत चाललेली. ती त्या संध्याकाळी भरती झाली. आशाताईच्या वहीतल्या एका ओळीनं ते बाळ सापडलं.

पहिल्या तीन महिन्यांत डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजून ठरवलेली तारीख पाच-सात दिवसांच्या फरकानं बरोबर येते. आठव्या महिन्यात तोच फरक तीन आठवड्यांपर्यंत जातो. म्हणून एकदा लवकरच्या सोनोग्राफीत ठरलेली तारीख पुढच्या रिपोर्टप्रमाणे बदलायची नसते. नव्या रिपोर्टमध्ये "२९ आठवडे" छापून आलं तर तो बाळाचा आकार आहे, तुमचे दिवस नव्हेत.

माझं वजन जास्त आहे, म्हणून "नीट दिसत नाही" म्हणाले. चांगल्या मशीनवर दिसेल का?

आवाजाच्या लहरी चरबीच्या थरातून जाताना क्षीण होतात. भारी मशीननं फरक पडतो, पण हे भौतिकशास्त्र कोणालाच चुकत नाही. बेंबीतून, पोटाचा घोळ वर उचलून, कुशीवर वळवून किंवा खालून बघता येतं, आणि दोन-तीन आठवड्यांनी परत बोलावलं तर बऱ्याच गोष्टी दिसतात. रिपोर्टमध्ये "हृदय नीट दिसलं नाही" असं प्रामाणिकपणे लिहिणाऱ्यावर रागावू नका, त्याच्याकडे परत जा. टेबलवर बाईला वजनावरून टोमणे मारणाऱ्यांचा मात्र मला मनापासून संताप येतो. त्यामुळे बाया पुढची तपासणीच टाळतात.

थायरॉइड, अंगाची खाज, सांध्यांचे आजार, मलेरिया, हेही सांगायचं?

सगळं सांगायचं. थायरॉइडची गोळी वेळेवर चालू असेल तर बाळाला सहसा काही होत नाही. वाढलेल्या थायरॉइडचा ग्रेव्हज आजार असेल किंवा आधी झाला असेल तर बाळाचे ठोके १६०च्या वर जातात का, गळ्यात गाठ येते का हे बघावं लागतं. ल्युपस (शरीर स्वतःच्याच अवयवांवर उलटतं तो आजार) किंवा रक्त गोठण्याचा आजार असेल तर वारेत गुठळ्या होतात, तिथं डॉपलर लवकर सुरू करतात. गडचिरोलीकडून ताप येऊन गेलेल्या बाईनं मलेरिया झाल्याचं सांगितलं तर बाळाची वाढ मी अधिक बारकाईनं बघते, कारण मलेरियाचे जंतू वारेत दडून बसतात.

तळहात-तळपायांना रात्री सुटणारी खाज पित्तरस साठल्यामुळे असू शकते. त्यात बाळाला असणारा धोका सोनोग्राफी किंवा डॉपलर सांगू शकत नाही, रक्तातलं बाइल ॲसिड सांगतं. सोनोग्राफी चांगली आली म्हणून ती रक्ततपासणी टाळू नका.

खर्रा थोडासाच खाते. सांगायची लाज वाटते.

मला माहीत आहे, आणि मी कोणाला सांगणार नाही. खर्रा असो की गुडाखू, दोन्हींत तंबाखूच असते, आणि तिच्यातलं निकोटीन वाहिन्या आकसवतं आणि वारेचा पुरवठा कमी करतं. बाळ लहान राहतं, पोटात दगावण्याचा धोकाही वाढतो. सोनोग्राफीत बाळ लहान दिसलं आणि कारण सापडत नसलं, की मी नवऱ्याला आणि सासूला बाहेर थांबवून हे विचारते. आजपासून बंद केलं तरी उरलेल्या महिन्यांत फायदा आहे.

बाळाची हालचाल कमी वाटते, पण पुढची सोनोग्राफी दहा दिवसांनी आहे.

आजच दवाखान्यात जा.

डोहाळजेवण करून माहेरी जाणार. तिथं परत सगळ्या सोनोग्राफी कराव्या लागतील का?

परत कराव्या लागू नयेत म्हणूनच फाइल सोबत न्या. सगळ्या सोनोग्राफींचे मूळ रिपोर्ट, विशेषतः पहिला आणि एनटीचा, बीपी-शुगरचे आकडे तारखेसह, चालू गोळ्या, रक्तगट, सिकलसेलचा रिपोर्ट. प्रत्येक पानाचा फोटो नवऱ्याच्या आणि आईच्या दोघांच्याही मोबाइलमध्ये ठेवा. वाढ म्हणजे दोन मोजमापांमधला फरक. आधीचं मोजमाप सासरी राहिलं तर माहेरच्या डॉक्टरांकडे फक्त एक ठिपका उरतो. ओळखपत्रही न्या. १९९४च्या गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्याप्रमाणे प्रत्येक गरोदर बाईचा एफ फॉर्म भरावा लागतो. मुलगा-मुलगी विचारू नका, सांगणं हा गुन्हा आहे.

खासगीत परवडत नाही. नागपुरात कुठं जायचं?

गांधीबागेजवळचं डागा स्त्री रुग्णालय, मेडिकल आणि मेयो (दोन्ही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं) आणि मिहानमधलं एम्स. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईच्या तपासण्या, सोनोग्राफीसह, २०११पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहेत. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. त्या दिवशी गर्दी असते, डबा आणि पाण्याची बाटली घेऊन सकाळीच जा.

मागच्या वेळी बाळ पोटातच गेलं. या वेळी वेगळं काय करायचं?

आधी जुनी फाइल शोधा. बाळंतपणानंतर वार तपासणीला पाठवली असेल तर तो पॅथॉलॉजीचा कागद सोन्यासारखा आहे. वारेत गुठळ्या होत्या, ती लहान होती, सिकलच्या पेशी होत्या की संसर्ग होता, हे त्यात लिहिलेलं असतं आणि त्यावर या खेपेचे उपचार ठरतात. तो कागद नसेल तर त्या वेळी बाळाचं वजन किती होतं, कितव्या आठवड्यात गेलं, तुमचं बीपी किती होतं, एवढं तरी आठवून लिहून आणा.

शेवटच्या पाळीपासून सहा-आठ आठवड्यांना पहिली सोनोग्राफी, १२व्या आठवड्याच्या आसपास एनटी स्कॅन आणि गर्भपिशवीच्या वाहिन्यांचा डॉपलर, ॲस्पिरिनबद्दल त्याच भेटीत विचारणं, २० आठवड्यांना ॲनोमली स्कॅन, मग २४-२८ आठवड्यांपासून ठरलेल्या अंतरानं वाढ आणि डॉपलर. मागच्या वेळी ज्या आठवड्यात बाळ गेलं, तो आठवडा जवळ आला की तुम्हाला झोप लागणार नाही, हे मला माहीत आहे. त्या आठवड्यात तपासणीची तारीख नसली तरी या. बाहेरच्या बाईंना तेवढं सांगा, त्या तुम्हाला रांगेत थांबवणार नाहीत.